‘रहिमी’ जहाजाची गोष्ट

इंग्रज समुद्रमार्गे हिंदुस्थानात आले, हे आम्ही शाळेत शिकलो. त्या समुद्रावर आधीपासून कोण वावरत होते, हे आम्हांला कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. १६०८ च्या ऑगस्टमध्ये विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ जहाजातून सुरतेला आला. आग्र्याच्या दरबारात तो जहांगीरशी तुर्कीत बोलला. बादशहाने खूश होऊन त्याला मनसब दिली. पण व्यापाराचा पक्का परवाना मिळाला नाही. १६११ मध्ये त्याने आग्रा सोडले.

सुरतेहून मोखा-जेद्द्याकडे गुजराती व्यापाऱ्यांची जहाजे कापड आणि नीळ घेऊन जात. त्यांतूनच हाजीही जात. मात्र पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतल्याशिवाय प्रवास सुरक्षित नसे. त्यावर येशू-मरियमची चित्रे असत. अशा परवान्यावर जावे लागत असेल तर हज फर्ज उरत नाही, असे अकबराच्या काळात काही उलेमांनी म्हटले होते.

या जहाजांतले एक मोठे जहाज ‘रहिमी’. मालकीण मरियम-उझ-झमानी: आमेरच्या राजा भारमलची कन्या, अकबराची बेगम, जहांगीरची आई. राजपूत घरात जन्मलेल्या बाईचे जहाज, नाव ‘रहिमी’ आणि आत मक्केचे यात्रेकरू! इतिहासाची हिंदू-मुसलमान अशी वाटणी करणाऱ्यांनी हे जहाज कोणाच्या वाट्याला घालायचे ते ठरवावे.

१६१२ मध्ये हेन्री मिडलटन या इंग्रज कप्तानाने तांबड्या समुद्राच्या तोंडाशी हिंदी जहाजे अडवली. मोख्याच्या तुर्की अधिकाऱ्याने त्याला कैद केले होते आणि सुरतेत त्याला व्यापार करता आला नव्हता. तो राग त्याने या जहाजांवर काढला. जबरदस्तीने मालाची अदलाबदल केली, वर खंडणी घेतली. ‘रहिमी’ही त्यातून सुटले नाही.

पुढच्याच वर्षी, १६१३ मध्ये, परवाना असूनही पोर्तुगीजांनी ‘रहिमी’ पकडून गोव्याला नेले. जहांगीर संतापला. दमणला वेढा पडला. त्याआधीच सुवाळीच्या समुद्रात थॉमस बेस्टच्या जहाजांनी पोर्तुगीजांना मागे रेटले होते. मोगलांकडे फौज अफाट होती, पण खोल समुद्रात लढणारे आरमार नव्हते. त्यामुळे दरबाराला इंग्रज उपयोगी वाटू लागले. १६१५ मध्ये टॉमस रो वकील म्हणून आला. एका लुटारूला आवरण्यासाठी, वर्षभरापूर्वी त्याच जहाजाला लुटणाऱ्यांचा आधार घ्यावा लागला.

या प्रकरणातली आणखी एक गोष्ट आम्हांला टाळता येत नाही. संतापाच्या भरात बादशहाने आग्र्यातले जेझुइटांचे चर्च बंद करवले. तिथे प्रार्थना करणाऱ्यांनी ‘रहिमी’ पकडले नव्हते. दूरच्या कुणाच्या गुन्ह्याचा जाब जवळच्या, दुबळ्या शेजाऱ्याला विचारायचा, ही रीत काय असते ते आम्ही चांगले जाणतो. म्हणूनच हाजींवरच्या अन्यायाबरोबर त्या बंद दाराचीही नोंद आम्हीच करायला हवी.