चोरलेले वेतन (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियातील आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी मजुरांनी कमावलेली, पण सरकारने ‘संरक्षणा’च्या नावाखाली अडवून ठेवलेली आणि पुढे पुरती कधीच परत न केलेली मजुरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकापर्यंत ही पद्धत निरनिराळ्या प्रांतांत कायद्याच्या आधाराने चालू होती. गोऱ्या मजुरापेक्षा कमी दर देणे, मजुरीऐवजी पीठ, चहा, साखर आणि मांस असा शिधा देऊन भागवणे आणि खात्यात जमा असलेला पैसा गडप होणे, हे तिन्ही प्रकार या नावाखाली येतात. त्यांतला तिसरा सर्वांत गंभीर मानावा लागतो, कारण तिथे पैसा विश्वस्त म्हणून खुद्द सरकारने सांभाळायला घेतला होता.

क्वीन्सलँडमधील कारभार सर्वाधिक काटेकोर होता आणि त्याची कागदपत्रेही सर्वाधिक टिकली आहेत. तेथील १८९७ च्या कायद्यात आदिवासींचे संरक्षण आणि अफूविक्रीवरील निर्बंध हे दोन विषय एकत्र घातले होते. या कायद्याने आणि पुढच्या नियमांनी आदिवासींनी कुठे राहायचे, कोणाकडे कामाला जायचे, कोणाशी लग्न करायचे हे ठरवण्याचे अधिकार ‘संरक्षक’ नावाच्या अधिकाऱ्याकडे गेले. हा संरक्षक बहुतेक ठिकाणी स्थानिक पोलीस अधिकारीच असे. पुरुष गुरांच्या अवाढव्य मळ्यांवर राबत, बायका आणि मुली गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करत. मालक मजुरीतला थोडा भाग हातखर्चाला देई आणि उरलेली रक्कम संरक्षकाकडे भरी. हातखर्चाचे पैसे खरोखर हातावर पडले की नाही, हे मजुराला मालकाविरुद्ध सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते.

स्वतःच्याच खात्यातले पैसे काढायचे तर संरक्षकापुढे उभे राहून कारण सांगावे लागे. परवानगी मिळाली, तर कागदावर अंगठा उमटवायचा. त्या अंगठ्यापुढे किती आकडा लिहिला आहे, हे अनेकांना वाचता येत नसे. पोलिसांकडून अफरातफर होते हे वरिष्ठांना ठाऊक होते. १९३० च्या दशकात खाती राजधानी ब्रिस्बेनला हलवण्यामागे तेही एक कारण होते. मात्र तिथे गेल्यावर हा पैसा सरकारच्या सोयीने गुंतवला जाऊ लागला. १९४३ मध्ये ‘आदिवासी कल्याण निधी’ उभारला गेला. त्यात मजुरांच्या कमाईतून कापलेला पैसाही होता. इतिहासकार रोझलिंड किड यांनी सरकारी दप्तरे चाळून हा सगळा व्यवहार उजेडात आणला. पुढच्या बहुतेक दाव्यांना त्यांच्या संशोधनाचा आधार मिळाला.

न्यू साउथ वेल्समध्ये आईबापांपासून तोडून संस्थांत वाढवलेल्या मुलामुलींना कामाला लावून त्यांची मजुरी आदिवासींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी मंडळाच्या विश्वस्त खात्यांत ठेवली जाई. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०५ च्या कायद्याखाली असाच अंमल होता, आणि किंबर्लीतील मळ्यांवर कित्येकांना आयुष्यभर शिध्यापलीकडे काही मिळाले नाही.

मजूर गप्प बसले होते असे नाही. १९४६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागातील मेंढीमळ्यांवरचे शेकडो मजूर काम सोडून बाहेर पडले. १९५७ मध्ये क्वीन्सलँडच्या पाम बेटावर संप झाला. त्याच्या सात म्होरक्यांना पकडून बायकामुलांसह बेटाबाहेर हाकलण्यात आले. १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंजी लोकांनी वेव्ह हिल मळा सोडला. त्यांची लढाई मजुरीवरून सुरू होऊन जमिनीच्या हक्कापर्यंत पोहोचली. १९६६ मध्येच देशाच्या औद्योगिक लवादाने नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासी गुराख्यांना समान वेतन मंजूर केले, पण अंमलबजावणी मालकांच्या सोयीसाठी डिसेंबर १९६८ पर्यंत लांबवली.

भरपाईची पहिली महत्त्वाची पायरी पाम बेटावरच्याच मजुरांनी गाठून दिली. वांशिक भेदभावविरोधी कायदा १९७५ मध्ये आल्यानंतरही तिथे सरकार कमी दराने मजुरी देत राहिले होते. १९९६ मध्ये मानवी हक्क आयोगाने तक्रारदारांना प्रत्येकी ७,००० डॉलर द्यावेत, अशी शिफारस केली. १९९९ मध्ये क्वीन्सलँड सरकारने तेवढीच रक्कम १९७५ ते १९८६ या काळात सरकारी वसाहतींवर राबलेल्या इतरांनाही देऊ केली.

खात्यांतल्या पैशाचा प्रश्न यामुळे सुटला नव्हता. २००२ मध्ये त्यासाठी ५ कोटी ५६ लाख डॉलरची योजना जाहीर झाली. वयानुसार माणशी २,००० किंवा ४,००० डॉलर मिळणार होते, तेही पुन्हा दावा करणार नाही असे लिहून दिल्यावर. त्या वर्षीच्या मे महिन्यापूर्वी जे वारले, त्यांच्या वारसांना काहीच नव्हते. दप्तर सरकारकडे आणि पुराव्याचा भार म्हाताऱ्या मजुरांवर, अशी ही रचना होती. पुष्कळांनी पैसे नाकारले. २००८ मध्ये रकमा वाढवल्या, तरी पैसा उरलाच, आणि त्यातला बराच भाग शिष्यवृत्त्यांकडे वळवला गेला. शिष्यवृत्त्या चांगल्याच, पण त्या मजुरांच्या थकबाकीतून द्यायला नको होत्या. न्यू साउथ वेल्सने २००४ मध्ये माफी मागून परतफेडीची योजना काढली. पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये २,००० डॉलरची सानुग्रह रक्कम देऊ केली. २००६ मध्ये देशाच्या सिनेटच्या समितीनेही या प्रश्नाची चौकशी केली होती.

खरा पालट झाला तो सामूहिक दाव्यांनी. क्वीन्सलँडमध्ये हॅन्स पीअरसन या माजी गुराख्याच्या नावे २०१६ मध्ये दावा दाखल झाला. सुमारे ७,००० पौंड साठले असतील या हिशेबाने आपण घर घ्यायला पैसे मागायला गेलो आणि हातावर २८ पौंड ठेवले गेले, असे त्यांचे सांगणे होते. २०१९ मध्ये सरकारने १९ कोटी डॉलरवर तडजोड केली. पश्चिम ऑस्ट्रेलियात गुनियांडी समाजातील चित्रकार मर्व्हिन स्ट्रीट यांनी दावा लावला. ते लहानपणापासून मळ्यावर राबले होते. २०२३ मध्ये तेथील सरकारने खर्चासह १८ कोटी ४ लाख डॉलरपर्यंतची तडजोड मान्य करून माफी मागितली. पात्र मजुराला, किंवा तो हयात नसल्यास त्याच्या कुटुंबाला, १६,५०० डॉलर देण्याचे ठरले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीतील १९३३ ते १९७१ या काळातील मजुरांसाठी २० कोटी २० लाख डॉलरपर्यंतची तडजोड स्वीकारली.

हे आकडे मोठे दिसतात, पण ते वाटाघाटीतून ठरले आहेत. कोणाच्या खात्यातून किती पैसा गेला हे मोजून दिलेले नाहीत. पश्चिम ऑस्ट्रेलियात वीस वर्षे राबलेल्या आणि दोन वर्षे राबलेल्या मजुराचा वाटा सारखाच ठरला. ज्यांचे पैसे होते त्यांतले बहुसंख्य लोक या तडजोडी होण्यापूर्वीच वारले होते.