राजमुकुट, कांगारू आणि .२२ : एका जुन्या नेमबाजी रायफलीची ओळख

१/ जुन्या रायफलीचे वय तिच्या रंगरूपावरून क्वचितच कळते. ते तिच्या अंगावरच्या ठशांवरून कळते. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजेच बीएसए, या कंपनीच्या मार्टिनी रायफली याचे उत्तम उदाहरण आहेत. सैन्य, कामगारांचे क्लब आणि साम्राज्य या तिन्हींचा इतिहास त्यांत एकत्र येतो. #थ्रेड

२/ प्रथम काडतूस. ‘रिमफायर’ काडतुसात ठिणगी देणारे मिश्रण बुडाच्या मध्यभागी नसून पितळी कडेत भरलेले असते. फायरिंग पिन ती कड चेपते आणि बार उडतो. कड चेपली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते. त्यामुळे दाब कमी, आवाज कमी आणि किंमतही कमी. १८८७ मध्ये आलेले .२२ लाँग रायफल काडतूस आजही वापरात आहे.

३/ आता यंत्रणा. अमेरिकेतील हेन्री पीबॉडी याने १८६२ मध्ये लिव्हर ओढताच खाली झुकणाऱ्या ठोकळ्याचे पेटंट घेतले. स्वित्झर्लंडमध्ये फ्रीड्रिख फॉन मार्टिनी याने बाहेरचा घोडा काढून आघाताची योजना ठोकळ्याच्या आतच बसवली. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री स्वीकारली. १८८८ नंतर अनेक गोळ्यांच्या ली-मेटफर्डने तिची जागा घेतली आणि एकेरी गोळीची मार्टिनी सैन्यात जुनी ठरली.

४/ तिला दुसरा जन्म दिला तो बोअर युद्धाने (१८९९–१९०२). बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमापुढे ब्रिटिश सैन्याची उणीव उघडी पडली. लॉर्ड रॉबर्ट्स यांनी नागरिकांच्या नेमबाजीचा हिरिरीने पुरस्कार केला. कामगारांसाठी रायफल क्लब निघाले. .२२ ला लांबरुंद मैदान लागत नसे. २५ यार्डांची बंदिस्त जागाही पुरे होई. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही लहान बोअरच्या रायफलींच्या स्पर्धा झाल्या.

५/ एकेक गोळी शांतपणे झाडणाऱ्या नेमबाजाला मार्टिनीची यंत्रणा फार मानवली. ठोकळा भक्कम, हालचाल आखूड, चाप दाबल्यापासून आघातापर्यंतचा वेळ थोडा. बीएसएचे मॉडेल १२, मॉडेल १५ आणि दोहोंचे गुण एकत्र करणारे १२/१५ ही याच वंशातली.

६/ ओळख पटवताना कांगारू का महत्त्वाचा? ऑस्ट्रेलियाने शाळकरी कॅडेटांसाठी याच घडणीच्या, परंतु .३१० बोअरच्या रायफली बर्मिंगहॅममधून मागवल्या. त्यांवर कांगारूचा ठसा असे. त्यांतील अनेक पुढे .२२ मध्ये बदलल्या गेल्या. म्हणून कांगारू असलेली .२२ मार्टिनी ही मुळातली क्लबची रायफल नव्हे. ती रूपांतरित कॅडेट रायफल आहे.

७/ दुसरा पुरावा राजमुकुटाखालच्या अक्षरांचा. १८१३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसमध्ये नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून नळीची परीक्षा होई आणि मगच ठसा उमटे. १९५४ पूर्वीच्या नळ्यांवर ‘बीव्ही’, ‘बीपी’, ‘एनपी’ असे वेगवेगळे ठसे असतात. नंतरच्या नळ्यांवर ‘बीएनपी’ हा एकत्रित ठसा येतो. जुन्या बांध्यावर ‘बीएनपी’ची नळी दिसली, तर ती नळी नंतर बदललेली किंवा पुन्हा तपासलेली असते.

८/ नळीचा आतला भाग वेगळीच कथा सांगतो. जुन्या काडतुसांतील पोटॅशियम क्लोरेटमुळे बारानंतर नळीत क्षार उरे. तो हवेतील ओल शोषून घेई आणि पोलादाला गंजाचे खड्डे पडत. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात गंज न आणणारी काडतुसे आली, तोवर असंख्य नळ्या खराब झाल्या होत्या. अशा नळ्यांत नवी आतली नळी बसवण्याचे काम पार्कर-हेल करीत असे. असे अस्तर म्हणजे दोष नव्हे. तो त्या काळच्या दुरुस्तीचा पुरावा आहे.

९/ जीर्णोद्धारातला खरा पेच इथेच आहे. पॉलिश पेपरने घासून नवा निळा-काळा रंग चढवला की रायफल चकाकते. पण ठशांच्या कडा पुसट होतात आणि अक्रोडी दस्त्यावरचे क्रमांक कायमचे जातात. जाणकार म्हणून कमीत कमी हात लावतात : गंज तेलाने मऊ करून हलकेच काढणे, दस्त्यावरचे पोचे ओल्या कापडाच्या वाफेने उचलणे, जवसाच्या तेलाचा पातळ हात देणे. रिकाम्या रायफलीचा चाप ओढणे टाळतात, कारण पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळून तिला खाच पाडू शकते.

१०/ या रायफली घडवणारा स्मॉल हीथचा कारखानाही इतिहासाच्या तडाख्यातून सुटला नाही. १९ नोव्हेंबर १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात तेथे ५३ कामगार मृत्युमुखी पडले.

११/ या कथेला भारताची बाजूही आहे. ब्रिटनमध्ये कामगाराच्या हाती रायफल देणे देशकार्य मानले जात होते, तेव्हा भारतात १८७८ चा शस्त्र कायदा लागू होता. भारतीयांना परवान्याची सक्ती, युरोपीयांना मात्र सूट. काँग्रेसने आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. तो रद्द होऊन नवा कायदा आला १९५९ मध्ये.

१२/ म्हणून ठसा वाचताना दोन प्रश्न विचारावेत : ही रायफल कोणी घडवली, आणि ती कोणाच्या हाती देण्यात आली? पहिल्याचे उत्तर पोलादावर असते. दुसऱ्याचे उत्तर कायद्यांत आणि क्लबांच्या इतिहासात शोधावे लागते. पोलादावरचा ठसाच घासून टाकला, तर शोधाची सुरुवात कोठून करायची हेही कळत नाही.