तडवळ्याची परिषद आणि तरुणांची उमेद

पुढाऱ्याने भाषण करावे आणि तरुणांनी पेटून उठावे, अशी एक सोपी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. जयंतीच्या व्यासपीठावर ती खपून जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र विचारावे लागते, की ती उमेद कशाच्या आधाराने उभी राहिली आणि भाषण संपल्यावर टिकली कशी. धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत भरलेली महार-मांग वतनदार परिषद या दृष्टीने मला फार मोलाची वाटते.

तडवळेच का? तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा निजामाचा. त्या संस्थानात सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी हवी. ‘गश्ती निशाण ५३’ हे फर्मान त्यासाठीच होते. तडवळे मात्र सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यात, म्हणजे इंग्रजी अमलात, आणि निजामी मुलखाला अगदी खेटून. शिवाय बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी १९०७ सालीच इथवर आली होती. निजामी हद्दीतल्या माणसाने शीव ओलांडून यावे आणि बाबासाहेबांनी कुर्डुवाडीकडून गाडीने पोचावे, अशी ही जागा. याआधी ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांनी कन्नडजवळ मक्रणपूरला परिषद भरवली, तीही हद्दीचा असाच आधार घेऊन.

परिषदेच्या नावातला ‘वतनदार’ हा शब्द आजच्या विद्यार्थ्यांना चकवतो. वतनदार म्हणजे पाटील, देशमुख, असे त्यांना वाटते. महारांचे वतन म्हणजे काय, तर सरकारी सांगावा पोचवायचा, टपाल वाहायचे, येसकरकी करायची आणि गावाने हाक मारली की हातातला घास टाकून पळायचे. त्याच्या मोबदल्यात जमिनीचा तुकडा, बलुते आणि दारोदारची भाकर. १८७४ च्या कायद्याने या राबणुकीवर सरकारी शिक्का बसलेला. नेमणूक एकाची असली तरी राबायचे सारे घर. मांगांची तऱ्हा फारशी वेगळी नव्हती. माझ्या पणजोबांच्या हातात येसकराची काठी होती. ती पुढे आजोबांच्या हाती जायची, हे आजोबा जन्मण्याआधीच ठरलेले होते.

आणि मला मुद्दा सापडतो तो इथेच. बाबासाहेबांनी १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’मधून वतनावर लिहिले तेव्हा हिशेब निव्वळ पैशाचा मांडला नाही. वतनाने महारांची महत्त्वाकांक्षाच मारून टाकली, असे त्यांचे निदान होते. शिळी का होईना, भाकर ठरलेली. मग पोराने गाव का सोडावे, पाटी का धरावी? १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. तरी हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. म्हणून तडवळ्याच्या परिषदेकडे मी केवळ शेतसारा-बलुत्याच्या तक्रारींची सभा म्हणून पाहत नाही. बापाची काठी मुलाने घेऊ नये, हे तिथे दोन दिवस ऐकवले गेले, असे मी मानतो. (ही वतने रद्द करणारा मुंबईचा कायदा व्हायला १९५८ उजाडले, म्हणजे बाबासाहेबांच्या पश्चात.)

पण काठी टाकल्यावर हात रिकामा राहून कसे चालेल? बाबासाहेबांचे वेगळेपण यात आहे, की रिकाम्या हाताची तजवीज ते आधीपासून करत होते. बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह सोलापुरात १९२५ च्या जानेवारीतच सुरू झाले होते. १९४४ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १९५० मध्ये औरंगाबादला तिचे महाविद्यालय उभे राहिले, तेच पुढचे मिलिंद. निजामी राजवटीत मराठवाड्याच्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, तिथे शिकवणे उर्दूत. तडवळ्याला बापाच्या खांद्यावर बसून आलेला दहा वर्षांचा पोर १९५० साली एकोणीस वर्षांचा झाला असेल. सभेत ऐकलेले खरे करून दाखवणारी इमारत त्याच्या आयुष्यात वेळेवर आली. शाहू महाराजांनीही १९२० साली माणगावच्या परिषदेत या तरुण बॅरिस्टर होऊ घातलेल्या माणसाला समाजाचा पुढारी म्हणून गौरवले, त्याच्या कितीतरी आधीपासून ते कोल्हापुरात वसतिगृहे काढत होते. हा क्रम आपण विसरतो आणि भाषण तेवढे लक्षात ठेवतो.

एक गोष्ट मात्र टोचते. परिषदेच्या नावात महारांच्या जोडीला मांग होते. ही उमेद मांगवाड्यापर्यंत तितक्याच वेगाने का पोचली नाही, याचे उत्तर आपल्या चळवळीने नेटाने शोधलेले नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी व्यथा बोलून दाखवली, तिचा एक धागा मला इथवर येऊन पोचलेला दिसतो. प्राध्यापकी करणाऱ्या आमच्यासारख्यांना तर तो अधिकच काचायला हवा.

आज दर फेब्रुवारीत तडवळ्याला माणसे जमतात, बाबासाहेब ज्या शाळेत उतरले होते तिच्या स्मारकाबद्दल बोलणे होते. ते व्हायलाच हवे. माझ्या वर्गात भूम तालुक्यातला एक मुलगा आहे. या साऱ्या तारखा त्याला पाठ आहेत. शिष्यवृत्ती हाती पडेपर्यंत वर्ष सरत येते, तोवर खोलीचे भाडे आणि खानावळ कशी भागवायची, हा त्याचा रोजचा घोर. सोलापूरचे वसतिगृह शिकवताना त्याने मध्येच हात वर केला.

‘‘सर, तिथं जेवण मिळायचं का?’’

मिळायचे, मी म्हणालो. कपडे आणि वह्याही.