गेलेली राजधानी मनातून का जात नाही?

दर हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, टी-पॉइंटवर अडवले जातात. काही दिवसांत सरकार मुंबईला परततं. मागे एक जुनी हळहळ उरते: नागपूर राजधानी होती बाप्पा!

ही हळहळ व्यक्त करणाऱ्या बहुतेकांनी ती राजधानी पाहिलेली नाही. मग ती टिकली कशी?

१८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. १९५३च्या नागपूर कराराने विदर्भाला नोकऱ्यांत, शिक्षणात लोकसंख्येनुसार वाटा आणि दरवर्षी एक अधिवेशन देऊ केलं. १९५५मध्ये फाजल अली आयोगाने तर वेगळ्या विदर्भाचीच शिफारस केली. तरीही १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि राजधानीही गेली.

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये मांडलं, की तेवढ्याच मिळकतीच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख मोठं असतं. शिवाय फायदा-तोटा आपण कशाशी तरी तुलना करूनच मोजतो. नागपूरची तुलना गमावलेल्या राजधानीशी होते. अधिवेशन ही भेट वाटतच नाही. ती हिशेबातली उरलेली चिल्लर वाटते. त्यात १ नोव्हेंबर २०००ला रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं. एकेकाळी त्याच रायपूरचा कारभार नागपुरातून चालायचा!

पण हा निव्वळ मनाचा खेळ नाही. विदर्भाचा अनुशेष खरा होता. दांडेकर समितीने १९८४मध्ये तो आकड्यांत मांडला. दुखणं खरं होतं, मानसशास्त्र फक्त ते इतकं टिकलं कसं, हे सांगतं.

आता मतांचं बघा. १९६२मध्ये बापूजी अणे, १९७१मध्ये जांबुवंतराव धोटे विदर्भाच्या मुद्द्यावर नागपुरातून लोकसभेत गेले. १९८०मध्ये तेच धोटे इंदिरा काँग्रेसकडून जिंकले. पुढे विदर्भवादी पक्षांच्या हाती फारसं काही लागलं नाही. लोक बदलले का? नाही. माणसाचं ‘आपण’ एकच नसतं. मोर्चात तो वैदर्भीय असतो. मतदान केंद्रात जात, पक्ष, कोण निवडून येणार याचा अंदाज, सगळं सोबत घेऊन जातो.

म्हणून ‘एवढंच वाटतं तर मत का देत नाही?’ असं कुणी हिणवलं, तर त्याला एवढंच सांगा: मत दिलं नाही म्हणून दुखत नाही, असं होत नाही.