हसतो कोण, हसू कोणाचे?

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी ओळखली जाते. पण रात्री तिथली गर्दी तमाशाच्या तंबूकडे वळते. गवळण सुरू झाली की मावशी येते. मावशी म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष. तिच्या मुरडण्याला तंबू हसतो. पण मावशी नुसती हास्यास्पद नसते. वाट अडवणाऱ्या कृष्णालाही ती चार शब्द सुनावते. तिला जीभ आहे. याच तंबूतून घरी परतणाऱ्या आणि थोडे तसेच चालणाऱ्या पोऱ्याला मात्र ती जीभ मिळत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो एकच शब्द : बायल्या.

दोंडाईच्यात राहून चित्रपटांचा अभ्यास करताना मला हा फरक सतत जाणवत राहिला. समलिंगी किशोरवयीन मुलांवरच्या उपहासात्मक विनोदी चित्रपटांचा इतिहास, माझ्या मते, ही जीभ कोणाकडे गेली याचाच इतिहास आहे.

मराठीत पुरुषाने साडी नेसली की हमखास हशा पिकतो. आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’पासून १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’पर्यंत ही परंपरा लोकप्रिय आहे आणि तिच्यात द्वेष नाही. पण तिची एक अट आहे. शेवटी साडी उतरली पाहिजे, पुरुष पुरुष ठरला पाहिजे आणि जोड्या ‘नीट’ जुळल्या पाहिजेत. सोंग सोंगच राहते, म्हणून ते चालते.

जिथे सोंग नव्हते तिथे मराठी रंगभूमी हसली नाही. ती गंभीर झाली. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आले. रोहिणी हट्टंगडींनी उभी केलेली मित्रा ही महाविद्यालयीन तरुणी दुसऱ्या मुलीवर प्रेम करते. त्या काळात हे लिहिणे धाडसाचे होते. पण नाटकाचा शेवट मित्राच्या आत्महत्येत होतो. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मध्ये महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांच्या संबंधाचा प्रसंग आला; तोही संस्थेपुढची एक समस्या म्हणून. म्हणजे प्रेक्षकासमोर दोनच वाटा होत्या : सोंगाला हसा, नाहीतर खऱ्यासाठी रडा.

तिसरी वाट दाखवणारा एक चित्रपट १९९९ साली अमेरिकेत तयार झाला. जेमी बॅबिट यांचा ‘बट आय ॲम अ चिअरलीडर’. मेगन ही सतरा वर्षांची शाळकरी मुलगी. ती मांसाहार करत नाही आणि तिच्या खोलीत गायिकेचे चित्र आहे, एवढ्या ‘पुराव्या’वर आईवडील तिला मुले सुधारण्याच्या शिबिरात धाडतात. तिथे मुलांना निळे कपडे आणि लाकडे फोडण्याचे धडे मिळतात, मुलींना गुलाबी कपडे आणि घरकामाचे. ‘मी सुधारलो’ असे सांगत फिरणाऱ्या शिक्षकाची भूमिका केली आहे रुपॉल यांनी. स्त्रीवेषातील कलावंत म्हणून त्यांचे नाव जगभर आहे. इथे त्यांना मुद्दाम पुरुषी कपड्यांत उभे केले, हाच एक विनोद. खरा टोला मात्र कथानकात आहे. मेगनला आपल्या मनाचा पत्ताच नसतो; तो तिला शिबिरच लावून देते. पहिली पायरी म्हणून कबुली द्यायला लावतात आणि तिला कळते की हे खरेच आहे. औषधानेच ओळख पटवली. इथे प्रेक्षक मुलीला हसत नाही. तिला सुधारू पाहणाऱ्यांना हसतो.

चार वर्षांत असाच प्रयोग महाराष्ट्रात झाला होता, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. श्रीधर रंगायन यांचा ‘गुलाबी आईना’ हा सुमारे चाळीस मिनिटांचा, मुंबईत घडलेला हिंदी चित्रपट. बिब्बो आणि शब्बो हे स्त्रीवेषात वावरणारे दोघे, त्यांना आवडलेला समीर आणि या स्पर्धेत उतरलेला मॅंडी हा किशोरवयीन मुलगा. हिंदी सिनेमातील नखऱ्यांची नक्कल, टोमणे आणि भांडणे यांनी तो भरलेला आहे. मावशीची जीभ इथे पूर्ण मोकळी सुटली आहे. साडी शेवटी उतरण्याची अट नाही आणि कोणी मरत नाही. २००३ साली परिनिरीक्षण मंडळाने चित्रपट अश्लील व आक्षेपार्ह ठरवून प्रमाणपत्र नाकारले. दीपा मेहतांच्या ‘फायर’ला मात्र १९९८ साली याच मंडळाने परवानगी दिली होती, त्याच्यावर हल्ले झाले ते चित्रपटगृहांत. दोन चित्रपटांवरून नियम काढता येत नाही, तरी मला एक तर्क करावासा वाटतो. दुःख सोसणाऱ्याला समाज दया देऊ शकतो. मजेत जगणाऱ्याचे काय करावे, हे त्याला ठाऊक नसते.

तेव्हा कायदाही विरोधात होता. १८६०च्या दंड संहितेतील कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली सौम्य केले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. त्यानंतर, २०२० साली, ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’मध्ये व्यावसायिक हिंदी सिनेमाने उपहासाचे तोंड वडिलांकडे वळवले. काळी फुलकोबी निर्माण केल्याचा अभिमान बाळगणारा हा शास्त्रज्ञ मुलाचे वेगळेपण मात्र निसर्गविरोधी मानतो. छोट्या शहरातील घर चित्रपटगृहात बसून स्वतःला हसले.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. मेगनचे शिबिर आपल्याकडे वेगळ्या नावाने भरते. कोणी मांत्रिकाकडे नेतो, कोणी डॉक्टरकडे. बहुतेक जण ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ म्हणतात आणि त्यात एका अनोळखी मुलीचे आयुष्यही ओढले जाते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली अशा ‘उपचारां’ना मनाई केली आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पण आयोगाचे पत्रक मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या बापापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या मोबाइलवर पोहोचतो तो विनोद.

आणि विनोदाची ताकद खानदेशाच्या शेजारानेच सिद्ध केली आहे. नासिर शेख यांनी मालेगावात ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा यंत्रमागाच्या गावाने मुंबईच्या बड्या सिनेमाची नक्कल करता करता स्वतःचा चेहरा पडद्यावर आणला. स्वतःला हसणे आणि स्वतःची लाज वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या चित्रपटांनी दाखवले.

मराठीपुरते बोलायचे तर २०२५ साली रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले. वडिलांच्या मृत्यूनंतर सुतकाचे दहा दिवस गावी राहिलेल्या तरुणाची ही प्रेमकथा. मृत्यू इथेही आहे, पण तो प्रेमाची शिक्षा म्हणून येत नाही. ‘मित्राची गोष्ट’पासून इथवर यायला चव्वेचाळीस वर्षे लागली. रडण्याची अट सुटली आहे. आता मोकळ्या हसण्याची पाळी आहे. ते हसू अहिराणीतही यावे, म्हणजे वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोऱ्याला ‘बायल्या’ या शब्दावर देण्याजोगे एक फर्डे उत्तर त्याच्याच बोलीत मिळेल.