बटाट्याचा करपा व आयर्लंडचा दुष्काळ

भाजीच्या वाफ्यांत रोगट झाड दिसलें कीं मनुष्य आधीं फळ वा कंद वांचवूं पाहतो, कारण पोट त्यावर चालतें. सन १८४५ मध्यें आयर्लंडांतील गरीब कॅथॉलिक कुळांनीं हेंच केलें. आणि त्यांत त्यांचा दोष नव्हता, कारण तत्कालीन पंडितांनींहि त्यांस दुसरें कांहीं शिकविलें नाहीं.

त्या देशांत लाखों लोक केवळ बटाट्यावर जगत. धान्य पिके तें जमीनदाराच्या खंडापायीं जाई. ‘लंपर’ नांवाची एकच भरघोस जात गरिबांच्या शेतांत बहुतेक सर्वत्र लावीत. बटाट्याचें बेणें म्हणजे बटाटाच. म्हणून जें एका झाडास बाधे तें सर्वांस बाधे. १८४५ च्या उन्हाळ्यांत बेल्जममध्यें पानांवर काळे डाग दिसले. ऑगस्टांत डब्लिनजवळील ग्लास्नेव्हिनच्या वनस्पति-बागेंत तोच रोग आढळला. आणि पुढें खणून काढलेले बटाटे ढिगांतच कुजूं लागले.

मुख्य प्रधान सर रॉबर्ट पील यांनीं लिंडली व प्लेफेअर या विद्वानांस पाठविलें. आयर्लंडचे केन त्यांस मिळाले. बटाटे कोरडे करावे, हवेशीर खड्ड्यांत ठेवावे, कुजके किसून पीठ काढावें, असा त्यांचा उपदेश. तो पाळणाऱ्यांचेहि बटाटे सडले. अति पावसानें झाडें पाणी पिऊन कुजतात असें लिंडलींचें मत होतें. इंग्लंडांतील किंग्ज क्लिफ गांवचे पाळक माइल्स बर्कली यांनीं मात्र सूक्ष्मदर्शकांतून रोगट पानावरील पांढरी लव तपासली, आणि ही बुरशी रोगाचा परिणाम नसून कारण आहे, असें १८४६ सालीं लिहिलें. पुष्कळांस तें पटलें नाहीं. बर्कली आपल्या पंथाचे नव्हते. तथापि त्यांचा मान त्यांस दिलाच पाहिजे.

त्याच वर्षीं मद्यपानबंदीच्या चळवळीचे प्रसिद्ध कापुचिन धर्मगुरु फादर थिओबाल्ड मॅथ्यू २७ जुलै रोजीं कॉर्कहून डब्लिनास गेले, तेव्हां वाटेंतील बटाट्याचीं शेतें बहरलेलीं होतीं. ३ ऑगस्ट रोजीं परततांना तींच शेतें कुजून काळीं पडलेलीं त्यांनीं पाहिलीं. जागोजाग लोक बांधावर हात चोळीत रडत बसले होते. एका आठवड्यांत अन्न गेलें! पुढील वर्षांत उपासमारीनें व तापाच्या सांथींनीं सुमारें १० लाख माणसें मेलीं, आणि तितकींच किंवा अधिक देश सोडून गेलीं. १८४१ ची सुमारें ८२ लाखांची लोकसंख्या १८५१ सालीं सुमारें ६५ लाखांवर आली. नववे पायस पोप यांनीं १८४७ सालीं स्वतः द्रव्य धाडून सर्व बिशपांस मदतीसाठीं परिपत्र लिहिलें. आपल्या देशांतून कलकत्त्यासहि वर्गणी जमली.

बर्कलींचें म्हणणें जर्मन शास्त्रज्ञ अँटन द बारी यांनीं १८६१ मध्यें सिद्ध केलें. निरोगी पानावर रोगाचे बीजकण ठेवतांच तेथें रोग उत्पन्न झाला. (आतां हा जीव खरी बुरशी नसून शैवालांचा दूरचा नातलग मानला जातो.) थंड व दमट हवेंत बीजकण पानावर रुजतात, पावसानें धुपून मातींतील कंदास गांठतात, आणि शेतांत राहिलेल्या किंवा उकिरड्यावर टाकलेल्या रोगट बटाट्यांत पुढील हंगामापर्यंत दबा धरून बसतात. म्हणजे लढाई पानावर व्हावयाची होती, आणि लोक लढत होते तळघरांत.

औषध सांपडलें तें चोरांच्या भीतीमुळें. फ्रान्सांत मेदोक प्रांतीं वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून रस्त्याकडील वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्या वेलींस केवडा लागत नाहीं, हें प्राध्यापक मिलार्दे यांनीं १८८२ सालीं हेरलें व १८८५ सालीं मिश्रणाची कृति प्रसिद्ध केली. तेंच आपलें बोर्डो मिश्रण: १ किलो मोरचूद व १ किलो चुना निरनिराळे भिजवून १०० लिटर पाण्यांत एकत्र करावे, लोखंडी भांडें वापरूं नये. आपल्या टोमॅटोवरील उशिरा येणारा करपा त्याच जीवाचा. हें मिश्रण डागाळलेलें पान बरें करीत नाहीं, निरोगी पानाचें रक्षण करतें; म्हणून तें आधींच मारावें, आणि रोगट झाडें व कंद वाफ्यांतून काढून दूर पुरावे.

पश्चिम आयर्लंडांतील कुळांस फवारणी शिकविली ती १८९१ सालीं स्थापिलेल्या सरकारी मंडळानें. तोंपर्यंत १८४६ चीं मुलें म्हातारीं होत आलीं होतीं.