तेलाची परतीची वाट



उसाच्या फडाला पाणी द्यावे लागते, तसे जादा पाणी बाहेर काढायला चरही लागतो. चर बुजला की पाणी साचते आणि चांगली जमीन चोपण होते. आज एका यंत्रातल्या अशाच चराची हकिगत सांगणार आहे.

इंजिनात इंधन जळते, पण त्याची बरीचशी उष्णता धुराबरोबर वाया जाते. या धुरालाच कामाला का लावू नये, असे स्वित्झर्लंडचे इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांच्या मनात आले. १९०५ साली त्यांनी त्या कल्पनेचे पेटंट घेतले. धुराच्या झोतावर एक चक्र फिरवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवायचे. या दुसऱ्याने हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जळते आणि ताकद वाढते. हाच टर्बोचार्जर!

कल्पना सुचली, पण ती फळाला यायला वीस वर्षे गेली. १९२५ च्या सुमारास ब्यूखींनी दोन जर्मन जहाजांच्या इंजिनांची ताकद १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर नेली. त्याआधी, १९१८ साली, अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे इंजिन चौदा हजार फूट उंच पाइक्स पीक डोंगरावर नेऊन, विरळ हवेतही टर्बोचार्जर इंजिनाची ताकद टिकवतो, हे दाखवून दिले होते. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिल आणि शेव्हरोलेट यांच्या मोटारींत तो बसला.

जहाजावर जागेला तोटा नाही. मोटारीत मात्र या चिमुकल्या यंत्राला इंजिनाचेच तेल उसने घ्यावे लागले. दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत! हे तेल पंपाच्या जोराने बारीक नळीतून येते. बेअरिंगातून गेल्यावर मात्र तो जोर संपतो. तेलात हवा मिसळून फेस होतो, आणि तो केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. म्हणून परतीची नळी येणाऱ्या नळीपेक्षा रुंद हवी.

शिक्षकांनी वर्गात नरसाळ्यात आधी पाणी आणि मग साबणाचा दाट फेस ओतून पाहावा. पाणी झरकन उतरते, फेस वरच अडून बसतो. मुलांना निराळे सांगावे लागणार नाही.

तेव्हा ही नळी बसवताना चार गोष्टी पाहाव्यात. ती सतत उताराची असावी. मध्ये कुठे दबू नये किंवा वर चढू नये. तिचे तोंड चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडावे. आणि गॅस्केटने भोक झाकले जाऊ नये.

यातले एक चुकले तरी तेल तुंबते, सील ओलांडून हवेच्या आणि धुराच्या वाटेला लागते, आणि गाडी निळा धूर ओकू लागते. मग मालक घाबरतो. पिस्टन गेले असे समजून सगळे इंजिन खोलले जाते आणि खर्च अंगावर येतो. दोष मात्र असतो वीतभर नळीत!

आज आपल्या कितीतरी ट्रॅक्टरांवर आणि ट्रकांवर टर्बोचार्जर आहे. निळा धूर दिसला, तर इंजिन खोलण्याआधी मिस्त्रीला एवढेच विचारा: "तेलाची परतीची वाट मोकळी आहे ना?"